पेन्सिलीच्या फुलीवर सही

कर्जाचा मराठी मध्यमवर्गाला पिढीजात संकोच. घराचं कर्ज काढलं तर 'फ्लॅट घेतला' म्हणायचं, गाडीचं काढलं तर 'गाडी काढली' म्हणायचं, आणि सोनं गहाण टाकलं असेल तर लग्नाला जाताना 'हल्ली चोऱ्या फार वाढल्यात बाई' एवढंच पुटपुटायचं. मंजूर झाल्यावर पेढे वाटतात असं कर्ज एकच, शैक्षणिक. त्याचं सॅन्क्शन लेटर आधी देव्हाऱ्यात जातं, हळदकुंकू लागतं आणि मग त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडतो. खाली अभिनंदनाची रांग लागते. वीस लाखांचं देणं झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा!

एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात माझे केस पांढरे झाले. आता डोंबिवलीत निवृत्त आहे, म्हणजे सकाळी दूध आणायला खाली उतरलो की वर यायला तास लागतो. मार्च ते जुलै या काळात तर जास्तच, कारण तो ॲडमिशनचा हंगाम. कुणाच्या मुलीला पुण्याला घालायचंय, कुणाच्या मुलाला टेक्सासला. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कर्ज मुलाच्याच नावावर मिळतं ना? आम्हाला काही त्रास नाही ना?" मी हो म्हणतो. नाव मुलाचंच असतं. दुसऱ्या वाक्याला मी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतो.

शिक्षणासाठी उसनवारी आपल्याकडे नवी नाही. पुण्यात विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं आठवडाभर. बँकेच्या भाषेत हे सात सभासदांचं कन्सोर्शियम कर्ज. तारण नाही, कागदपत्रं नाहीत, फक्त परतफेडीची मुदत आयुष्यभराची. मामलेदार झाल्यावरही भर बाजारात कुणी काकू "आमच्याकडे बुधवारी असायचा हो हा" म्हणून ओळख करून देणार. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा कर्जाचा प्रश्नच उडवून लावणारा मार्ग काढला. बोर्डिंगातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मंगळसूत्रासकट मोडले. त्या खात्यावर विनोद करायची माझी प्राज्ञा नाही, पुढे सरकतो.

पुढे १९८३ साल आलं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते आणि सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही तर मुलगा निमूट बीएस्सी करून आमच्याच बँकेत क्लार्क म्हणून लागायचा. (आमचा स्टाफ त्या काळात किती हुशार होता म्हणता!) आता ज्या माळावर कुसळही उगवत नव्हतं तिथे कॉलेज उगवलं, पुढे वॉचमन, मागे हॉस्टेल. फी ऐकून बापाला घाम फुटायचा. मग फंडातून ना-परतावा उचल, पतपेढीचं कर्ज, एलआयसीच्या पॉलिसीवरचं कर्ज आणि शेवटी गावची जमीन. बँकांच्या संघटनेनं शैक्षणिक कर्जाची नमुना योजना आणली ती २००१ मध्ये. तोपर्यंत महाराष्ट्रात पुष्कळ एकरांचे इंजिनिअर झाले होते.

या योजनेचं गणित सोपं आहे. चार लाखांपर्यंत तारण नाही, जामीनदार नाही, फक्त आई किंवा वडील सहकर्जदार. चार ते साडेसात लाख असेल तर जामीनदाराचा विषय निघतो. साडेसातच्या वर गेलात की मालमत्ता तारण. साडेसात हा आकडा ज्यानं ठरवला त्याला मराठी येत असलं पाहिजे.

जामीनदार हा प्रकार हल्ली थोडा मागे पडला, सरकारची हमी योजना आली. पण जुन्या काळी तो लागायचाच आणि शोध सुरू झाला की नातेवाइकांचा अकस्मात पुण्यसंचय वाढायचा. आत्याच्या यजमानांना नेमकं त्याच आठवड्यात चारधामला जायचं असे. मामा घरी असे, पण त्याच्या सहीला कंप सुटलेला. काका मात्र लगेच हो म्हणायचे. त्यांचे कागद मागवले की कळायचं, ते आधीच चौघांना जामीन आहेत आणि त्यातले दोघे फरार.

आता आमच्या चौथ्या मजल्याचं सांगतो. चौथा मजला म्हणजे तिथे राहणारे सद्गृहस्थ. मुलाला अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळाला, कर्ज वीस लाख, तारण राहता फ्लॅट. यांनी शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सच्या पावत्या, मालमत्ता कराच्या पावत्या, विजेची बिलं असं सगळं एका रेक्झिनच्या बॅगेत भरलं आणि मला बरोबर घेऊन बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाकडे आले. वकिलानं बॅग उलटीपालटी केली.

"ओसी कुठाय?"

"ओसी?"

"भोगवटा प्रमाणपत्र."

"अहो, आम्ही शहाण्णव सालापासून भोगतोय की."

वकिलाला असले विनोद रोज ऐकू येत असावेत. त्यानं मंजूर नकाशा टेबलावर पसरला. नकाशात इमारत तीन मजल्यांची. "तुम्ही कुठल्या मजल्यावर राहता?"

"चौथ्या."

"चौथा मजला नाहीये."

गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे. "मग महापालिका माझ्याकडून कर कशाचा घेते?"

"कर वेगळा, कायदा वेगळा," वकील म्हणाला. ज्या घरात मुलाचं बारसं झालं, पहिली ते बारावी झाली, जीआरईचा अभ्यास झाला, ते घर बँकेच्या लेखी हवेत होतं. परतताना जिन्यात ते प्रत्येक पायरी जपून चढले.

शेवटी तारणाला आला आजीचा ठाण्यातला वन रूम किचन. आजोबांनी गिरणीच्या पैशातून घेतलेला, कागद चोख, इमारत जेवढी नकाशात तेवढीच जमिनीवर. म्हणून आजीला रिक्षातून शाखेत आणलं. बँकेत सह्यांसाठी कागद तयार करतात तेव्हा जिथे सही हवी तिथे पेन्सिलीनं बारीक फुली करतात. शैक्षणिक कर्जाच्या फाइलीत या फुल्या मोजायच्या नसतात. मुलाच्या थोड्या, बापाच्या त्याहून जास्त आणि घर जिच्या नावावर तिच्या सगळ्यात जास्त. आजीनं चष्मा पुसला.

"मी कशाला सही करायची? मला कुठं शिकायचंय?"

"आजी, घर तुमच्या नावावर आहे ना, म्हणून."

"आणि हा तिकडं जाऊन बसला, पैसे नाही भरले, तर?"

ऑफिसर बाई तरुण होत्या, अशा प्रश्नाचं उत्तर ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. नातवानं मोबाइलमध्ये तोंड घातलं.

"नाही, म्हणजे मला सांगून ठेव. घर सोडायचं म्हणजे लोणच्याच्या बरण्या हलवायला लागतील."

मग तिनं एकेका फुलीवर, शाळेत कित्ता गिरवावा तशा निगुतीनं, सह्या केल्या. सहाव्या पानावर बाई म्हणाल्या की सही पहिल्या पानाशी जुळत नाही. "हात तोच आहे," आजी म्हणाली, "पान लांब आहे." पुढच्या आठवड्यात ग्रुपवर पेढ्यांचा फोटो आला, त्यात नातू होता, युनिव्हर्सिटीचं बोधचिन्ह होतं, आजी नव्हती.

यानंतर सुरू होतो मोरॅटोरियम. कोर्स संपेपर्यंत आणि वर एक वर्ष हप्ता नाही. आमच्या सोसायटीत याचा अर्थ 'बँक झोपली' असा घेतात. हप्ता थांबलेला असतो, व्याज चालूच असतं. चौथ्या मजल्याला मी कागदावर मांडून दाखवलं होतं. वीस लाख दोन भागांत दिले, दर दहा टक्के धरा, दोन वर्षांचा कोर्स आणि वरचं एक वर्ष. पहिल्या दहा लाखांवर तीन वर्षांचं व्याज तीन लाख, दुसऱ्यावर दोन वर्षांचं दोन लाख. हप्ता सुरू होईल त्या दिवशी देणं पंचवीस लाख. दहा वर्षांत फेडायचं तर महिना तेहतीस हजार, म्हणजे एकूण चाळीस लाखांच्या जवळ. पंधरा वर्षं घेतलीत तर हप्ता सत्तावीस हजाराच्या आत येतो, पण बेरीज अठ्ठेचाळीस लाखांवर जाते. गृहस्थ बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "आमच्या वेळी बेचाळीस रुपये टर्म फी होती." हे वाक्य प्रत्येक बाप म्हणतो, आकडा तेवढा बदलतो. त्यावर बोलण्यासारखं काही नसतं.

शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर व्याजात एक टक्क्यापर्यंत सवलत मिळते. हे सांगितलं की बाप उत्साहानं पहिले तीन महिने भरतो. चौथ्या महिन्यात मुलाचा लॅपटॉप बिघडतो.

या मोरॅटोरियमच्या काळात घराचं अर्थशास्त्र रुपयातून डॉलरमध्ये जातं. मुलानं व्हिडिओ कॉलवर कॉफी पिताना दिसायचं नाही असा अलिखित नियम तयार होतो, कारण पलीकडे बाप कपाला डॉलरच्या भावानं गुणत असतो. घरी कधी स्वतःचं ताट न उचललेला मुलगा युनिव्हर्सिटीच्या कॅफेटेरियात भांडी विसळतो. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, तेही कॅम्पसवरच, काम करता येतं. आई डोळ्याला पदर लावते. आपल्याला वाटतं लेकराच्या कष्टांनी गहिवरली. खोदून विचारलं तर म्हणते, "तिथं घासतो मेला. इथं चमचा उचलायचा नाही."

रुपया-डॉलरच्या बातम्यांवरून तर माझी मोठीच करमणूक होते. पहिली दोन वर्षं रुपया घसरला की चौथ्या मजल्यावर सुतक. फी डॉलरमध्ये, कर्ज रुपयात, मंजूर झालेले पैसे पुरत नाहीत. मग मुलाला तिकडे नोकरी लागली. आता कमाई डॉलरमध्ये आणि हप्ता रुपयात. त्या दिवसापासून रुपया घसरला की गृहस्थ खाली येऊन मला चहा पाजतात. पंधरा ऑगस्टला सोसायटीच्या ध्वजारोहणाला ते अजूनही पहिल्या रांगेत उभे असतात, फक्त रिझर्व्ह बँकेनं रुपया सावरला अशी बातमी आली की त्यांचा चेहरा बघवत नाही.

नोकरी टिकणं ही पुढची गंमत. शिक्षणानंतर कामाची परवानगी बारा महिन्यांची, तांत्रिक विषय असेल तर आणखी चोवीस. त्यानंतर एच-वन-बी, त्याची सोडत. ज्या मुलाला सांख्यिकीत डिस्टिंक्शन मिळालं त्याच्यासाठी आई संगणकाच्या सोडतीकरता सिद्धिविनायकाला चालत जाते. यातली शक्यता किती टक्के हे मुलाला तोंडपाठ असतं, पण प्रसाद तोही मागवून घेतो.

अमेरिकेची मुलं याच कात्रीत आहेत म्हटलं तर आपल्या लोकांना खरं वाटत नाही. तिथल्या शैक्षणिक कर्जाचा डोंगर दीड लाख कोटी डॉलरच्या वर गेलाय. बराक ओबामांनी २०१२ मध्ये भाषणात सांगितलं होतं की त्यांचं आणि मिशेलबाईंचं विद्यार्थी कर्ज फिटलं त्याला जेमतेम आठ वर्षं झालीत. दोघं हार्वर्डचे वकील! चौथ्या मजल्याला हे सांगितल्यावर ते जरा विचारात पडले. "म्हणजे आमच्या पोराला निवडणूकच लढवायला लागणार." जो बायडेन यांनी चाळीस हजार कोटी डॉलरच्या माफीची योजना काढली, ती सुप्रीम कोर्टानं जून २०२३ मध्ये मोडीत काढली. माफी या शब्दावर मात्र गृहस्थांचे कान टवकारले. महाराष्ट्रात २०१७ ला शेतकऱ्यांची कर्जमाफी झाली, २०१९ ला झाली, मग आमची का नाही? गावाकडे यांच्या नावावर वीस गुंठे आहेत, तेवढ्यावर हा दावा बसतो का, हेही त्यांनी विचारून पाहिलं. इंग्लंडची रीत त्यांना पसंत पडली. तिथे पगार ठराविक मर्यादेच्या वर गेला की वरच्या रकमेच्या नऊ टक्के परस्पर कापतात, नवीन कर्जदारांचं उरलेलं चाळीस वर्षांनी सोडून देतात. "आणि तारण?" त्यांनी विचारलं. तारण नाही म्हटल्यावर त्यांनी आजीच्या फोटोकडे नजर टाकली. आजी स्वयंपाकघरात जिवंत होती, हे मुद्दाम सांगतो.

आपल्याकडेही सरकार हात आखडता घेत नाही. पीएम-विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, सुरुवातीच्या यादीतल्या निवडक आठशे साठ संस्थांत प्रवेश मिळाला तर बिनतारण, बिनजामीन कर्ज. ज्याला तिथे प्रवेश मिळतो त्याला जामीन द्यायला असेही सगळे तयार असतात. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली, हे मात्र काम झालं. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं इंजिनिअरिंग त्यामुळे मार्गी लागलं. बऱ्याच बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सूटही देतात. ती सूट नातेवाईक लगेच वसूल करतात, "लग्नानंतर हप्ता कोण भरणार?" असं विचारून. मुलाच्या हप्त्याबद्दल हा प्रश्न मी एकदाही ऐकलेला नाही. मुलाचं कर्ज ही गुंतवणूक आणि मुलीचं म्हणजे थकबाकी, हा हिशेब कुठल्या बँकेनं शिकवला देव जाणे. आमच्या नाही.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, विवाह मंडळांच्या यादीत 'एमएस, यूएसए' असं ठसठशीत छापतात, बाकी देणं किती ते छापत नाहीत. पण मुलींचे बाप आता हुशार झालेत. पोहे संपले, चहा आला की सहज विचारतात, "सिबिल किती?" तीनशे ते नऊशेच्या मधला हा आकडा छत्तीस गुणांवर भारी पडायला लागलाय. मंगळ असला तर त्याची शांत तरी करता येते. चुकलेल्या हप्त्याची शांत कुठल्या भटजीला येत नाही. आणि हप्ता मुलानं चुकवला तरी सिबिल बापाचाही उतरतो, कारण सहकर्जदार. वसुलीचा पहिला फोनही त्यालाच. मुलगा न्यू जर्सीत झोपलेला असतो, बाप डोंबिवली फास्टमध्ये एका पायावर, आणि फोनवर गोड आवाज: "सर, आपला हप्ता बाउन्स झालाय." डब्यातल्या कुणाला कळू नये म्हणून बाप मोठ्यानं म्हणतो, "हो हो, कार्यालय बुक झालंय."

प्राप्तिकराच्या सवलतीचंही सगळे विचारतात. कलम ८०ई. व्याज कितीही असो, आठ वर्षं पूर्ण वजावट, मुद्दलावर काही नाही. ऐकायला झकास. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत. मुलगा अमेरिकेत, त्याचं इथे उत्पन्न नाही. बाप निवृत्त, त्याच्या पेन्शनवर कर बसत नाही. वजावट हातात आहे, वजा कशातून करायची तेवढं सापडत नाही.

तर चौथ्या मजल्याचं कर्ज अखेर फिटलं. मुदतीच्या आधी, हे मुलाच्या बाजूनं सांगायला हवं. नो ड्यूज आलं, आणि आजीच्या घराचे मूळ कागद परत घ्यायला मी त्यांच्याबरोबर शाखेत गेलो. काउंटरवर बदलून आलेल्या दुसऱ्या बाई. त्या आत जाऊन लिफाफा शोधायला लागणार, एवढ्यात गृहस्थ म्हणाले, "मॅडम, राहू द्या की इथंच. घरात वाळवी लागलीय. लॉकर घ्यावा तर भाडं, त्यात वेटिंग. इतकी वर्षं तुम्ही काय छान सांभाळलेत. फुकट."

बाईंनी समजावलं, असं ठेवता येत नाही. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, डिसेंबर २०२३ पासून. बँकेकडून उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला पाच हजार रुपये भरपाई.

"दिवसाला?"

"हो."

गृहस्थांनी मनात हिशेब केलेला मला दिसला. तेहतीस हजारांचा हप्ता आठवड्यात निघत होता.

"आज कितवा दिवस?"

"अकरावा."

"मग तुम्ही सावकाश शोधा," ते उठत म्हणाले, "मी जरा गावी जाऊन येतो. तीनेक आठवडे लागतील."

बाईंनी शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं.